बाटलीतला वेल काय खातो?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय तुमच्या घरातच आहे. खिडकीकडे बघा, टीव्हीच्या शेजारी बघा, नाहीतर देवळीत बघा. तिथं एखादी काचेची बाटली असेल. औषधाची, सरबताची, नाहीतर लोणच्याची रिकामी बरणी. तिच्यात पाणी आणि पाण्यात मनीप्लांटचा वेल. कुणाकडे पुदिन्याच्या काड्या असतील, कुणाकडे गवती चहाचा ठोंब, कुणाकडे पाण्यात अर्धं बुडवलेलं रताळं आणि त्यातून वर चढलेला हिरवागार वेल. याला जागा लागत नाही, माती लागत नाही, पैसे लागत नाहीत. जिच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, तिलाही हा मळा लावता येतो.

घरातलं लहान पोर कधीतरी विचारतं, “याला माती नाही, शेणखत नाही, मग हा खातो काय?” आपण म्हणतो, “पाणी पितो की!” पोर गप्प बसतं. पण हा प्रश्न काही गप्प बसला नाही. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांना त्यानं पावणेतीनशे वर्षं कामाला लावलं. त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं, ते आज तुमच्या शेतात खताच्या पोत्यातून येतं आणि जमीन आरोग्य पत्रिकेवर छापून येतं. शेवटचे काही धागे तर बायकांनी शोधले. त्या प्रश्नाची गोष्ट आज सांगते.

फांदीला मूळ का फुटतं?

फांदी लावून झाड करायचं हे आपल्याला नवं नाही. ऊस आपण बेणं लावूनच करतो. शेवग्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडाला खोचली की लागते. पानमळ्यातली पानवेल तशीच, जास्वंद तशीच. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिता’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात झाडांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, वृक्षायुर्वेद. फणस, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा झाडांचे तुकडे शेण माखून लावावेत, असं तिथं सांगितलेलं आहे. म्हणजे नाशिकची द्राक्षं आणि सोलापूरची डाळिंबं, दोन्ही त्या जुन्या यादीत आहेत.

मूळ फुटतं ते पेरापाशी, डोळ्यापाशी. उसाचा डोळा जपून बेणं तोडायचं, हे ज्या बाईनं ऊस लावला आहे तिला सांगायला नको. मनीप्लांटच्या पेरावर तपकिरी गाठ दिसते, तीच मुळाची जागा. पण तोडलेल्या फांदीला ‘आता मूळ काढ’ हे सांगतं कोण? याचा उलगडा १९३० च्या आसपास हॉलंड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी केला. झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. ते वरून खाली उतरत जातं. फांदी तोडली की त्याला पुढे जायला वाट उरत नाही, ते कापलेल्या टोकाशी साठतं आणि तिथून मुळं फुटतात. रोपवाटिकेत फांदीच्या टोकाला जी पांढरी पावडर लावतात, ती याच जातीची. फांदीवर एकदोन पानं ठेवायची आणि खालचं टोक खालीच ठेवायचं, याचं कारणही हेच.

मूळ फुटलं, इथवर ठीक. पण पुढे वाढायचं तर खायला हवं. ते येतं कुठून?

विलोची कुंडी

आजच्या बेल्जियम देशात, ब्रसेल्सच्या परिसरात यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँट नावाचे एक वैद्य राहत. त्यांनी एक मोठी कुंडी घेतली. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती तोलून तिच्यात भरली, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण ९० किलो. तिच्यात विलो नावाच्या झाडाचं ५ पौंडांचं रोप लावलं. धूळ पडून वजन वाढू नये म्हणून कुंडीवर भोकं असलेलं पत्र्याचं झाकण बसवलं. मग पाच वर्षं फक्त पाणी घातलं, तेही पावसाचं नाहीतर वाफेचं गाळलेलं.

पाच वर्षांनी झाड उपटून तोललं. ते १६९ पौंड आणि वर सुमारे तीन औंस भरलं, म्हणजे पाऊणशे किलोच्या पुढे. आणि तेही चार पानगळींत गळून गेलेली पानं सोडून. माती पुन्हा वाळवून तोलली. ती दोनशे पौंडांत फक्त दोन औंस कमी भरली, साधारण ५५ ते ६० ग्रॅम. आपल्या घरातल्या वाटीभर साखरेपेक्षाही कमी.

हेलमाँट यांनी हिशेब मांडला. माती तर जशीच्या तशी आहे, घातलं ते फक्त पाणी, म्हणजे लाकूड, साल, मुळं सगळं पाण्याचंच झालं. १६४४ साली ते वारले आणि १६४८ साली त्यांच्या मुलानं त्यांचं लिखाण छापलं. त्यात ही कुंडी जगाला कळली.

त्यांचं उत्तर अर्धंच बरोबर होतं. गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द जगाला याच माणसानं दिला. कोळसा जळताना जो वायू निघतो, त्याचा अभ्यास त्यांनी केला होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. झाड आपलं अंग ज्या वायूतून घडवतं, तो हाच. बाहेर त्याला नाव देणाऱ्याला तो कुंडीपाशी दिसला नाही. आणि त्या दोन औंस मातीकडेही त्यांनी लक्ष दिलं नाही. ती दोन औंस तुम्ही ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला तिथंच यायचं आहे.

पुदिन्याच्या बाटल्या

पुढचं पाऊल पडलं ते लंडनमध्ये, आणि ते पुदिन्याच्या काडीनं पडलं.

जॉन वुडवर्ड नावाच्या गृहस्थांना हेलमाँट यांचं म्हणणं पटेना. त्यांचा विचार साधा होता. झाड पाण्याचंच बनत असेल, तर कुठल्याही पाण्यात ते सारखंच वाढायला हवं. मग त्यांनी काचेच्या बाटल्या घेतल्या, तोंडावर चामड्याचा पातळ कागद बांधला, त्याला भोक पाडलं आणि त्यातून पुदिन्याची काडी आत सोडली. एका बाटलीत झऱ्याचं पाणी, एकीत पावसाचं, एकीत थेम्स नदीचं. प्रत्येक काडी आधी तोलली. किती पाणी कमी झालं तेही मोजत राहिले. हे सगळं त्यांनी १६९९ साली छापलं.

तेव्हाचं वजन ग्रेनमध्ये असे. एक ग्रेन म्हणजे साधारण गव्हाच्या दाण्याएवढं वजन समजा. ७७ दिवसांत झऱ्याच्या पाण्यातली काडी १५ ग्रेन वाढली, पावसाच्या पाण्यातली साडेसतरा आणि नदीच्या गढूळ पाण्यातली २६.

मग त्यांनी आणखी एक जोडी लावली. लंडनच्या हाइड पार्कमधून येणारं पाणी दोन बाटल्यांत घेतलं. एकीत नुसतं पाणी, दुसरीत त्याच पाण्यात बागेतली दीड औंस माती. ५६ दिवसांनी नुसत्या पाण्यातली काडी ११० ग्रेनवरून २४९ वर गेली, म्हणजे दुपटीच्या थोडी वर. माती घातलेल्या पाण्यातली ९२ वरून ३७६ वर गेली, म्हणजे चौपट.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो ना? तसंच हे. स्वच्छ पाण्यात फारसं काही विरघळलेलं नसेल, तर काडीला मिळणार काय? वुडवर्ड यांनी निष्कर्ष काढला, की पाणी हा नुसता वाहणारा आहे, खाऊ मातीतून येतो. शिवाय त्यांना दिसलं, की पावसाच्या पाण्यातली काडी ३००४ ग्रेन पाणी प्यायली, पण वाढली अवघी साडेसतरा ग्रेन. बाकीचं पाणी पानांवाटे हवेत उडून गेलं. बाटलीतलं पाणी इतक्या लवकर का उतरतं, याचं उत्तर यात आहे.

पण मग हेलमाँट यांची माती का घटली नाही? म्हणजे तिसरी कुठलीतरी वस्तू असलीच पाहिजे.

तीही पुदिन्यानंच दाखवली. १७७१ साली ऑगस्ट महिन्यात इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टली यांनी काचेच्या हंडीत मेणबत्ती जळून विझू दिली. त्या हवेत दुसरी मेणबत्ती पेटत नव्हती. मग त्याच हवेत त्यांनी पुदिन्याची एक काडी ठेवली, ऑगस्टच्या १७ तारखेला. २७ तारखेला पाहिलं, तर त्या हवेत मेणबत्ती छान जळली. काडीनं हवा सुधारली होती. १७७९ साली यान इंगेनहाउझ या वैद्यांनी दाखवलं, की हे काम झाड उजेडातच करतं आणि त्याचे हिरवे भागच करतात. १८०४ साली जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी काटेकोर मोजमाप करून हिशेब जुळवला. झाडाचं बहुतेक अंग हवेतल्या वायूचं आणि पाण्याचं बनतं, उजेडाच्या जोरावर. मातीतून येतं ते थोडं, पण ते थोडं नसेल तर बाकीचं सगळं अडतं. हेलमाँट यांच्या कुंडीतल्या त्या दोन औंसांचा हा अर्थ.

स्वयंपाकासारखं पाणी

आता प्रश्न उरला एवढाच, की त्या ‘थोड्यात’ काय काय असतं? मातीत तर शंभर गोष्टी. कुठली कामाची आणि कुठली नुसती सोबतीला, हे कळायचं कसं?

१८६० च्या सुमाराला जर्मनीत युलियस साख्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी त्याला युक्ती काढली. माती पूर्ण बाजूला ठेवली. शुद्ध पाणी घेतलं आणि त्यात मोजून मापून क्षार घातले. मक्यासारख्या पिकाचं बी भिजवून रुजवलं, रोप बुचाच्या भोकातून बाटलीत लोंबत ठेवलं आणि मुळं त्या पाण्यात सोडली. मग आपण आमटीत एकेक जिन्नस वगळून बघावा, तसं केलं. या बाटलीत नत्र नाही, त्या बाटलीत स्फुरद नाही, पलीकडच्या बाटलीत पालाश नाही. ज्या बाटलीत लोह नव्हतं, तिथली नवी पानं पांढरट पिवळी पडली. लोहाचा क्षार घातला तर पुन्हा हिरवी झाली. उसावर पिवळा-पांढरा केवडा दिसला की हिराकस फवारायला सांगतात, ते याच कारणानं. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार.

नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह, अशी यादी बाटल्यांतून पक्की होत गेली. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे छापलेले असतात, ते याच यादीतल्या पहिल्या तिघांचे.

पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या गेरिक यांनी या पाण्यातल्या शेतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिलं. दुष्काळी भागात आपल्याकडे ट्रेमध्ये मक्याचा हायड्रोपोनिक चारा करतात. तिथं नुसत्या पाण्यावर भागतं, कारण आठदहा दिवस रोप दाण्यातलीच शिदोरी खात असतं. शिदोरी संपली, की त्यालाही नुसतं पाणी पुरायचं नाही.

बायका आणि बाटल्या

आता गोष्टीचा जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, तो सांगते. इतका वेळ सगळी नावं पुरुषांची आली. झाडं पाण्यात लावून बघायचं काम घरोघरच्या बायकांनी केलं असेल, पण प्रयोगशाळेचं दार बाईला उघडं नव्हतं.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड नावाचं शेतीचं संशोधन केंद्र आहे, १८४३ पासूनचं. तिथं १९०६ साली विनिफ्रेड ब्रेंचली नावाची तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ आली. त्या प्रयोगशाळेत तोवर एकही बाई कामाला नव्हती. आता हिचं करायचं काय, असा सगळ्यांना पेच पडला. दुपारचा चहा मात्र हिला द्यायलाच हवा, असं ठरलं आणि त्या केंद्रात सगळ्यांनी मिळून दुपारचा चहा घ्यायची पद्धत पडली, असं तिथं सांगतात. चहा तर मिळाला, पण ब्रेंचली चहासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी पाण्याच्या बाटल्यांत झाडं वाढवून तांबं, जस्त, बोरॉन, मंगल अशा द्रव्यांचा परिणाम तपासला आणि १९१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. एखादं द्रव्य किती मात्रेत झाडाला विष होतं, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. पुढे त्या तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्या हाताखाली कॅथरीन वॉरिंग्टन आल्या. त्यांनी वालासारख्या एका शेंगभाजीची रोपं पाण्यात वाढवली. काहींच्या पाण्यात किंचित बोरॉन, काहींच्या पाण्यात अजिबात नाही. बोरॉन नसलेल्या रोपांचे शेंडे काळे पडून मेले. बोरॉन असलेली वाढली. १९२३ साली त्यांनी हे छापलं, की बोरॉन नुसतं विष नाही, थोडं तरी हवंच. किती थोडं? दहा लाख भाग पाण्यात एक भागही पुष्कळ होतो. इतकं कमी, की काही काचेतून पाण्यात उतरतं तेवढ्यानंही प्रयोग बिघडावा. बाटली कुठली, पाणी कसलं, हात कसे धुतले, इथपर्यंत काळजी घ्यावी लागे.

तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲना सॉमर हेच करत होत्या. त्यांनी आणि चार्ल्स लिपमन यांनी १९२६ साली दाखवलं, की जस्त आणि बोरॉन ही दोन्ही झाडाला लागतातच. १९३१ साली सॉमर यांनी तांब्याबद्दलही तेच दाखवलं.

आता तुमच्या घरातली जमीन आरोग्य पत्रिका काढा. २०१५ पासून ती मिळू लागली. तिच्यावर बारा गोष्टी तपासलेल्या असतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहे, गंधक आहे आणि खाली जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन अशी पाच नावं आहेत. त्या पाचांतली जस्त, तांबं आणि बोरॉन ही नावं तिथं आली, त्यात या बायकांच्या पाण्याच्या बाटल्यांचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे खुरपणी बाई करते, लावणी बाई करते, खत पाटीत घेऊन सरीत टाकतेही बाईच. पण कृषी सेवा केंद्रात जाऊन कुठलं खत घ्यायचं हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. पानाचा रंग मात्र तिलाच आधी दिसतो, कारण ती रोज वाफ्यात वाकलेली असते. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्राची शंका घ्यायची, वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची. हे वाचायला शिकली, तर उगीच आणलेल्या एका पोत्याचे पैसे वाचतात. आणि जास्त ते चांगलं, असंही नाही. जे थोडं हवं असतं तेच फार झालं की विष होतं, हे ब्रेंचली यांच्या बाटल्यांनी दाखवून ठेवलं आहे. म्हणून पत्रिका वाचल्याशिवाय हात सैल सोडायचा नाही.

मनीप्लांट आला कुठून?

आता पुन्हा आपल्या खिडकीतल्या बाटलीकडे येऊ. हा मनीप्लांट आपल्याकडचा नाही. प्रशांत महासागरात ताहिती बेटाशेजारी मोऑरिया नावाचं एक छोटं बेट आहे, ते याचं माहेर. १८८० साली बेल्जियममधल्या एका रोपवाटिकेकडून त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं. तिथं त्याचा गाव सॉलोमन बेटं असा लावला होता. त्याचं शास्त्रीय नावही अनेकदा बदललं. कारण जात ठरवायची तर फूल बघावं लागतं आणि हा वेल जवळजवळ कधी फुलतच नाही. १९६४ साली कुठे त्याचं आजचं नाव, एपिप्रेम्नम ऑरियम, ठरलं.

तो का फुलत नाही, तेही अलीकडे कळलं. फूल यायला जिबरेलिन नावाचं द्रव्य अंगात लागतं. या वेलात त्याची कमतरता असते, असं २०१६ साली संशोधकांनी दाखवलं. ते बाहेरून फवारलं, तर वेलाला फुलं आली.

याचा अर्थ लक्षात घ्या. फूल नाही म्हणजे बी नाही. बी नाही म्हणजे हा वेल एका बेटावरून तुमच्या गावापर्यंत आला तो तुकड्या-तुकड्यानं. सुरुवातीला जहाजांतून आणि रोपवाटिकांतून आला असेल, पण पुढे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत तो हातानंच गेला. जाऊबाईंनी दिला, शेजारणीनं दिला, माहेरी गेल्यावर आईनं पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. तुमच्या बाटलीतला वेल आणि शहरातल्या मोठ्या कार्यालयातला वेल हे एकाच जुन्या वेलाचे, नाहीतर अगदी मोजक्या वेलांचे तुकडे आहेत. मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात. त्यात काही तथ्य नाही. पेर असलेला तुकडा असेल तर मागून आणलेलाही तेवढाच वाढतो. तेव्हा मागा, आणि कुणी मागितला तर द्या.

लावताना एवढं सांभाळा

पेराच्या जरा खाली स्वच्छ विळीनं किंवा कात्रीनं तिरपा काप द्या. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात. वर एकदोन पानं राहू द्या. पेर पाण्यात हवं, पान पाण्याबाहेर. उजेड हवा, पण थेट कडक ऊन नको. साधारण दोनतीन आठवड्यांत मुळं दिसतात. पुदिना त्याच्याही आधी धरतो. तुळशीची कोवळी फांदीही अशी धरते.

पाणी आठवड्यातून एकदा बदलाच. मुळांना श्वासाला हवा लागते, ती शिळ्या पाण्यात कमी होते. पण त्याहून मोठं कारण डेंग्यू आहे. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, बाटली आतून घासायची. बाटलीचं तोंड वेलाभोवती कापसानं किंवा फडक्यानं बंद करा. आशाताई ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतात, त्या दिवशी हंडे-पिंपांबरोबर ही बाटलीही मोकळी करा.

मनीप्लांटचं पान तोंडात गेलं तर जीभ आणि घसा चुरचुरतो, सुजतो. रांगतं बाळ आणि शेळीचं करडू यांच्यापासून तो लांब ठेवा. वाढलेला वेल ओढ्यात, विहिरीत किंवा रानात फेकू नका. पंचगंगा, इंद्रायणी आणि उजनीच्या पाण्यावर पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून जगभर गेली ती सुंदर जांभळ्या फुलांसाठी, शोभेची म्हणूनच.

आणि वर्षभर बाटलीत ठेवलेला वेल बारीक, फिका होत गेला, तर त्याच्यावर दृष्ट पडलेली नाही. तो उपाशी आहे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात, त्यावर तो तग धरतो, पण भरत नाही. मग त्याला कुंडीत, शेणखत घातलेल्या मातीत लावा आणि त्याचा नवा तुकडा बाटलीत घ्या.

शेवटी तुमच्या बचत गटासाठी एक काम. वुडवर्ड यांनी केलं ते तुम्ही करून बघा. सारख्या मापाच्या तीन बाटल्या घ्या, सारख्या उंचीच्या पुदिन्याच्या तीन काड्या घ्या. एकीत पावसाचं धरून ठेवलेलं पाणी, दुसरीत तुमच्या विहिरीचं किंवा बोअरचं, तिसरीत तेच पाणी पण शेणखत मुरलेली मूठभर माती घालून निवळलेलं. तिन्ही एकाच खिडकीत ठेवा आणि पाणी बदलाल तेव्हा तसंच बदला. दोन महिन्यांनी गटाच्या बैठकीत तिन्ही शेजारी शेजारी मांडा. पानं मोजा, रंग बघा. बोअरचं पाणी खारं असेल तर काडी तेही सांगेल.

त्याच बैठकीला ज्यांच्याकडे आहे त्यांनी जमीन आरोग्य पत्रिकाही आणा. शिकलेल्या सुनेकडून, नातीकडून मोठ्यानं वाचून घ्या. जस्त किती, लोह किती, बोरॉन किती, कमी की पुरेसं. आणि या हंगामात खत आणायला दुकानात कोण जाणार, तेही तिथंच ठरवा. पत्रिका घेऊन गटातल्या दोघी तरी बरोबर जा.